सावलीतील ‘श्री’ : ॲग्लोनेमाची निगा

दीपावलीपूर्वीच्या आठवड्यात रोपवाटिकांत जी गर्दी उसळते, तीत पेढीवाल्यांचा वाटा मोठा असतो. वहीपूजनाच्या दिवशी दुकानाच्या दर्शनी भागी दोन हिरव्या कुंड्या असाव्यात, ही पद्धत अलीकडे चांगलीच रुळली आहे. निवडीची कसोटी बहुधा एकच असते : झाड उन्हावाचून जगले पाहिजे. रोपवाटिकेतील माणूस अशा वेळी हमखास जी कुंडी पुढे करतो, ती ॲग्लोनेमाची. लांबट, टोकदार पाने, त्यांवर रुपेरी किंवा गुलाबी नक्षी आणि बुटका, भरगच्च बांधा. दिवाळीत ते झाड पेढीला शोभा आणते. माघ उजाडेपर्यंत त्याची खालची पाने पिवळी पडतात, गुढीपाडव्याच्या सुमारास कुंडी मागील दाराशी जाते आणि पुढच्या आश्विनात तिच्या जागी नवी येते. खर्च किरकोळ खात्यावर पडतो, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु जे कुटुंब पाणी गाळून पिते आणि सूर्यास्तापूर्वी जेवते, त्याच कुटुंबाच्या पेढीवर दरवर्षी दोन वनस्पतिकायिक जीव निष्कारण संपतात आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

एका तालुक्याच्या गावी धान्याची जुनी आडत आहे. तेथे सलग दोन वर्षे हाच प्रकार घडला. तिसऱ्या वर्षी कुंड्या आल्या, तेव्हा मालकांनी त्या ठेवून घेण्यासच नकार दिला. “मुनीमजी, दरवर्षी आणायचे आणि दरवर्षी मारायचे, हे मनाला पटत नाही. प्लॅस्टिकची आणा.” चाळीस वर्षे रोजमेळ लिहिलेल्या मुनीमजींनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, “शेठ, झाडात खोट नाही. आपल्या हिशेबात खोट आहे. एक वर्ष मला द्या.”

खोट कोठे होती, ते त्यांनी पाहून ठेवले होते. दुकानातील गडी सकाळी झाडलोट करी, उंबऱ्यावर पाणी शिंपडी आणि तांब्यात उरलेले सारे पाणी श्रद्धेने कुंडीत ओती. रोज एक तांब्या. ऊन नाही, वारा नाही. तेवढे पाणी पिण्याची त्या झाडाला गरजही नव्हती आणि शक्तीही नव्हती. मुनीमजींनी कुंडी उचलून वजनकाट्यावर ठेवली. भरपूर पाणी देऊन, खालच्या छिद्रांतून ते पूर्ण निथळू दिल्यावर वजन भरले ३ किलो ४०० ग्रॅम. मग पाणी बंद. रोज संध्याकाळी गल्ला मोजून झाला की कुंडी काट्यावर. वरची माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाली, त्या दिवशी काटा २ किलो ६०० ग्रॅम दाखवीत होता. म्हणजे झाडाची ‘उधारी’ आठशे ग्रॅमची. तेवढी झाल्याखेरीज पाणी द्यायचे नाही, हा नियम त्यांनी रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. मार्गशीर्षात ती उधारी व्हायला अकरा दिवस लागले, वैशाखात सहा. गड्याला ताकीद मिळाली की उरलेले पाणी रस्त्याकडेच्या कडुनिंबाला घालावे.

प्रत्येकाने कुंड्या तोलत बसावे असे नाही. आठ-पंधरा दिवस कुंडी हाताने उचलून पाहिली, तरी जड-हलके यातील फरक हातालाच कळू लागतो. मुद्दा इतकाच की ॲग्लोनेमाला पाणी वारावर किंवा तिथीवर न देता त्याच्या गरजेवर द्यावे लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि मुळे त्या हवेवर श्वास घेतात. रोजच्या पाण्याने त्या पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या, तर मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी उचलू शकत नाहीत, म्हणून भरल्या कुंडीतही पाने मलूल होतात. घरातील माणसाला ती पाने तहानलेली वाटतात. तो आणखी पाणी घालतो. सावलीतील बहुसंख्य झाडे अशी मायेच्या अतिरेकाने मरतात. पाने मलूल आणि माती ओली, अशी स्थिती दिसली की तांब्या बाजूला ठेवून कुंडी उजेडाच्या, वाऱ्याच्या जागी हलवावी. मुळे थोडीफार शाबूत असतील, तर झाड सावरते.

हे झाड मूळचे कोठले, हे कळले म्हणजे त्याचा स्वभावही कळतो. ॲग्लोनेमा हे अळू-सुरणाच्या कुळातील. आशियाच्या उष्ण प्रदेशांतील आणि न्यू गिनीमधील दाट जंगलांच्या तळाशी वाढणारे. वर मोठ्या वृक्षांचे छत, खाली पालापाचोळ्याची भुसभुशीत माती, हवा दमट, ऊन कवडशांपुरते. १८२९ मध्ये हाइनरिख शॉट या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीला नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ॲग्लाओस’ म्हणजे तेजस्वी आणि ‘नेमा’ म्हणजे तंतू. इंडोनेशियात मात्र या झाडाला लोक ‘श्री रेजेकी’ म्हणतात. त्यातील ‘श्री’ आपलीच, समृद्धीची देवता. ‘रेजेकी’ म्हणजे रोजीरोटी, बरकत. पेढीवर ठेवण्यासाठी याहून समर्पक नाव शोधून सापडणार नाही. आज बाजारात जी लाल-गुलाबी पानांची रोपे दिसतात, त्यांचा प्रारंभही त्याच देशातला. ग्रेगोरी हंबाली यांनी सुमात्रा बेटावरील एका तांबूस पानांच्या जातीशी संकर करून गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ‘प्राइड ऑफ सुमात्रा’ हा वाण सिद्ध केला. पुढे तेथे लाल वाणांचे असे वेड पसरले की काही रोपांची किंमत पानागणिक ठरू लागली! चार पानांचे रोप एका दराने, सहा पानांचे त्याच्या दीडपट. तो भाव टिकला नाही, हे व्यापारी वाचकांना वेगळे सांगायला नको.

उजेडाविषयी एक गैरसमज आहे. सावलीत वाढणारे म्हणजे अंधारात वाढणारे नव्हे. दुपारी दिवा न लावता जेथे वर्तमानपत्र सहज वाचता येते, ती जागा हिरव्या-रुपेरी वाणांना पुरते. पानांवर जितका लाल, गुलाबी किंवा पांढरा रंग अधिक, तितके त्यांतील हरितद्रव्य कमी. म्हणून रंगीत वाणांना उजेड अधिक लागतो. ते अंधाऱ्या कोपऱ्यात गेले की नवी पाने फिकट हिरवी येतात आणि ज्या रंगासाठी जास्तीचे पैसे मोजले तोच हरपतो. उलट, कोवळे सोडून इतर ऊन पानांवर थेट पडले, तर त्यांवर करपल्याचे डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत. पूर्वेची खिडकी उत्तम. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात जपावी लागते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ऊन खोलीत लांबवर शिरते. उत्तरेची खिडकी निर्धोक मानली जाते. तरी महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन त्या खिडकीतूनही आत येते. ज्या घरांत ‘उत्तरेच्या खिडकीत असूनही पाने करपली’ अशी तक्रार असते, तेथील कारण बहुधा हेच.

पेढीवर नैसर्गिक उजेड मुळीच येत नसेल, तर दहा-बारा तास जळणाऱ्या ट्यूबच्या प्रकाशावरही हिरवे वाण तग धरतात. मात्र कुंडी दिव्यापासून दूर कोपऱ्यात नको, त्याच्या खाली जवळ हवी. याहून चांगला मार्ग म्हणजे दोन कुंड्यांची पाळी. एक पंधरवडा एक कुंडी दुकानात आणि दुसरी घराच्या सज्जात, पुढील पंधरवड्यात अदलाबदल. वातानुकूलित दुकानात यंत्राचा झोत पानांवर येणार नाही एवढे पाहावे. कोरड्या थंड वाऱ्याने पानांच्या कडा तपकिरी होतात.

अंगणात किंवा गच्चीवर ॲग्लोनेमा घरातल्यापेक्षा अधिक जोमाने वाढते, फक्त प्रदेश पाहून लावावे लागते. कोकणात आणि गोव्यात सुपारीच्या किंवा नारळाच्या सावलीत ते जमिनीतही बाराही महिने सुखाने राहते. देशावर आणि मराठवाड्यात वैशाखाचा कोरडा वारा त्याचा शत्रू. तेथे आंब्याखाली किंवा ७५ टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली कुंड्या एकमेकींच्या जवळ मांडाव्यात, म्हणजे त्यांच्याच बाष्पाने भोवतालची हवा थोडी दमट राहते. थंडी त्याला मानवत नाही. पारा १५ अंशांखाली गेला की वाढ थांबते आणि १० अंशांच्या आसपास पानांवर काळपट, पाणी धरल्यासारखे डाग पडतात. नाशिक-निफाडच्या पट्ट्यात पौषातील काही रात्री याहूनही थंड असतात. तेथील कुटुंबांनी मार्गशीर्ष ते माघ कुंड्या घरात घ्याव्यात.

आता मातीविषयी, आणि येथे जैन गृहस्थाने थांबून विचारावे असा एक प्रश्न आहे. रोपवाटिकेत मिळणाऱ्या तयार मातीत काय काय मिसळलेले असते? पुष्कळ ठिकाणी तिच्यात हाडांचा चुरा घालतात. काही तयार खतांत रक्त किंवा मासळीची भुकटीही असते. पिशवीवर ‘सेंद्रिय’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि ते खोटे नसते, हाडेही सेंद्रियच. म्हणून ‘सेंद्रिय आहे का’ असे न विचारता ‘हाडाचे आहे का’ असे स्पष्ट विचारावे आणि घटकांची यादी वाचावी. यातील विसंगती अशी की हाडांच्या चुऱ्यातून मिळतो तो मुख्यतः स्फुरद आणि चुना, आणि केवळ पानांसाठी लावलेल्या झाडाला त्याची वेगळी निकड नसते. पानांना हवे असते नत्र. ते चांगल्या मुरलेल्या शेणखतातून पुरेसे मिळते. म्हणजे जी वस्तू आपल्या घरात येऊ नये, ती या झाडाला लागतही नाही.

मिश्रण घरी करणे अवघड नाही. धुऊन क्षार काढलेला नारळाचा भुसा दोन भाग, मुरलेले आणि चाळलेले शेणखत किंवा पानांचे कुजलेले खत एक भाग, जाड वाळू एक भाग. गांडूळखत वापरण्यापूर्वी विचार करावा. त्यात गांडुळांची अंडी आणि पिल्ले राहून जातात आणि कुंडीची माती कोरडी होताच ती तडफडून मरतात. शेंगदाण्याची पेंड नत्राला उत्तम, पण तिने मुंग्या येतात. पावसाळ्याच्या आरंभी आणि दिवाळीनंतर एकदा अशी वर्षातून दोन वेळा वरची इंचभर माती काढून तेथे शेणखत पसरले की वर्षाचे खाते मिटते. कुंडी बेताचीच असावी. मोठ्या कुंडीत लहान झाड लावले, तर मुळांच्या आवाक्याबाहेरची माती ओलीच राहते. आठ इंची कुंडीतील झाड दोन वर्षे तरी हलवू नये.

पाण्याच्या गुणाचाही पानांवर परिणाम होतो. सोलापूर, लातूर, बीडकडील विंधन विहिरींचे जड पाणी वर्षभर घातले, तर मातीवर पांढरा थर साचतो आणि पानांची टोके जळतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काटकसर म्हणून कुंडीत घालण्याची सवय अनेक घरांत आहे. त्यात क्षार एकवटलेले असतात, ते या झाडाला नको. ज्या घरांत पिण्याचे पाणी उकळतात, त्यांच्यापाशी मात्र आयते चांगले पाणी असते. उकळल्याने पाण्याचा जडपणा काही अंशी भांड्याच्या तळाशी बसतो. मुदतीच्या आत उरलेले, पूर्ण निवलेले पाणी या झाडाला मानवते. पावसाचे गाळून साठवलेले पाणी तर सर्वांत उत्तम.

चातुर्मासात बाहेरच्या कुंड्यांची काळजी वेगळी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचले की दोन-तीन दिवसांत त्यात डासांची अंडी फुटतात. मग ते पाणी ओतले तरी हिंसा, ठेवले तरी रोगराई. ताटली रोज संध्याकाळी कोरडी करणाऱ्या घरात हा पेच निर्माणच होत नाही. फरशीवर कुंडीभोवती ओल राहिली की शेवाळ येते, ज्याला आपल्या घरांत लीलफूल म्हणतात आणि ज्यावर पाऊल पडू नये म्हणून वडीलधारी माणसे जपतात. कुंड्या विटांवर किंवा लोखंडी तिवईवर उचलून ठेवाव्यात. खालून वारा खेळला की शेवाळही येत नाही आणि गोगलगायी, गोमही आश्रय घेत नाहीत. पाणी घालण्यापूर्वी कुंडीच्या कडेवरून स्वयंपाकघरातील जुनी पुंजणी हलकेच फिरवावी. मुंग्या बाजूला होतात. एवढ्या यत्नाचाराला अर्धे मिनिट पुरते.

किडीचा विषय टाळून चालणार नाही. ॲग्लोनेमावर मुख्यतः पिठ्या ढेकूण आणि कोरड्या हवेत लाल कोळी येतात. ते जंगलातून उडत येत नाहीत. बहुतेक वेळा नव्या रोपाबरोबर घरात शिरतात. नवे रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून लांब ठेवून पानांच्या पाठी आणि देठांच्या बेचक्या पाहाव्यात. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ कापडाने पाने दोन्ही बाजूंनी पुसली, तर किडीला ठाण मांडण्यास अवसर मिळत नाही. (दूध लावून पाने चमकवण्याची युक्ती सोडून द्यावी; तिने मुंग्या येतात आणि त्यांच्यामागून पिठ्या ढेकूण.) एवढे करूनही कीड आलीच, तर काय? निंबोळी तेलाची फवारणी निसर्गोपचार म्हणून सुचवली जाते आणि अनेक जण ती अहिंसक समजतात. ती तशी नाही. तिनेही कीड मरते, फक्त सावकाश. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थासाठी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असा हिंसेचा भेद सांगितला आहे, आणि शोभेच्या झाडासाठी केलेली फवारणी त्यांत कोठे बसते, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचे आहे. ज्यांना फवारणी नको असेल, त्यांनी कीड लागलेले एखाद-दुसरे पान देठासकट काढून दूरच्या झुडपाखाली सावलीत ठेवावे. आरंभी लक्ष गेले, तर एवढ्याने भागते. घरात झाडच नको, ते मरण आणि तो दोष नको, असे काही कुटुंबे मानतात. त्या भूमिकेचाही मान राखला पाहिजे. अशांनी भेट आलेली कुंडी संकोच न करता ज्याला सांभाळता येईल त्याला द्यावी.

लहान मुलांच्या घरात एक सावधगिरी. अळू कच्चे राहिले तर घसा ज्या स्फटिकांमुळे खवखवतो, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक ॲग्लोनेमाच्या सर्व भागांत असतात. जुन्या झाडाला कधी लालचुटूक फळांचा घोस येतो आणि तो मुलांना बोलावतो. रांगत्या मुलाच्या हाती येणार नाही अशा उंचीवर कुंडी ठेवावी. मुलाने पान चावलेच, तर तोंड पुसून, चूळ भरवून, थंड पाणी पाजावे आणि सूज दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. देठ कापल्यावर हात साबणाने धुवावेत.

आणि विक्रेते जे सर्वांत जोराने सांगतात, त्याविषयी दोन शब्द. हे झाड खोलीतील हवा शुद्ध करते, असे म्हणतात. या समजाचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी झालेल्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. परंतु तो बंदिस्त पेट्यांत केलेला होता. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा प्रयोगांचे आकडे प्रत्यक्ष खोलीला लावून पाहिले, तेव्हा निघाले असे की नेहमीच्या वायुवीजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटर जमिनीमागे १० ते १००० झाडे लागतील. हवा हवी असेल, तर खिडकी उघडावी. झाड घ्यावे ते झाड म्हणून.

त्या आडतीतील कुंड्यांनी पुढे चार दिवाळ्या पाहिल्या. बुडाशी स्वतःची मुळे घेऊन फुटवे आले. कुंडी बदलताना ते मातीसकट अलगद सुटे होतात, छाटणी करावी लागत नाही, आणि पावसाळ्याच्या आरंभी लावले तर लवकर जीव धरतात. मुनीमजींनी दोन फुटवे शेजारच्या कापडदुकानाला दिले, एक शेठजींच्या लेकीच्या सासरी गेला. देताना प्रत्येक कुंडीच्या बाजूस त्यांनी खडूने दोन आकडे लिहिले होते : वरती भरल्या कुंडीचे वजन, खाली पाणी देण्याचे. कापडदुकानात वजनकाटा नाही. तेथील मालक अजूनही दर आठ दिवसांनी कुंडी उचलून आडतीत आणतात, काट्यावर ठेवतात आणि तशीच परत नेतात.